मुक्काम एक, पोस्ट दुसरे

ईमेलने धाडलेले पत्र ज्याच्या नावे असते त्याच्या यंत्रावर थेट जाऊन उतरते, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती १९७१ साली अक्षरशः खरी होती, १९८२ साली अर्धवट खरी उरली होती, आणि १९८६ च्या जानेवारीपासून तिला नियमाचा आधारच राहिला नाही. आज पत्त्यातील @ या चिन्हाच्या उजवीकडे जे नाव असते ते कोणत्याही यंत्राचे असावे लागत नाही. त्या नावाचे यंत्र पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नसले तरी त्या नावावर आलेली पत्रे बिनदिक्कत पोहोचतात, कारण पत्र कोठे उतरवावयाचे हे त्या नावाच्या धन्याने एका सार्वजनिक दप्तरात करून ठेवलेल्या दोन-चार ओळींच्या नोंदीवरून ठरते. या नोंदीला जाणकार मंडळी ‘एमएक्स रेकॉर्ड’ म्हणतात. पत्राचा मार्ग ठरविण्याचा अधिकार पाठविणाऱ्याच्या हातून निघून घेणाऱ्याच्या हाती कसा गेला, याचा सारा इतिहास त्या दोन-चार ओळींच्या मागे उभा आहे; आणि तो अधिकार अशा रीतीने हस्तांतरित झाला नसता तर ईमेल ही काही विद्यापीठांपुरती मर्यादित अशी एक विद्वत्क्रीडाच राहिली असती, असे माझे मत आहे.

मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत नोकरीस असलेल्या रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठविण्याचा पहिला प्रयोग केला तेव्हा ती दोन्ही यंत्रे एकाच दालनात शेजारी शेजारी उभी होती. त्यांच्यामधला दुवा मात्र अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने उभारलेल्या अर्पानेट या जाळ्याचाच होता. डावीकडे इसमाचे नाव, उजवीकडे यंत्राचे नाव आणि मधोमध @, ही मांडणी त्यांचीच. उजवीकडचे नाव म्हणजे प्रत्यक्ष ते यंत्र, याविषयी त्या काळी शंकेला जागाच नव्हती. जाळ्यावर यंत्रे मोजकी होती आणि ती चालविणारी माणसे बहुधा एकमेकांना ओळखत होती.

या यंत्रांच्या नावांचे दप्तर कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅन्फर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्रात ठेवलेले असे. त्या केंद्राची धुरा एलिझाबेथ फाइनलर या विदुषीकडे होती. १९७२ पासून १९८९ पर्यंत त्या या कामाशी निगडित होत्या, आणि त्यांचे सहकारी त्यांना ‘जेक’ या टोपणनावानेच ओळखीत. दप्तर म्हणजे काय, तर ‘होस्ट्स.टीएक्सटी’ नावाची एकच साधी यादी: एका बाजूस यंत्राचे नाव, दुसऱ्या बाजूस त्याचा अंकात्मक पत्ता. कोणास नवे यंत्र जोडावयाचे असले म्हणजे त्याने या कचेरीस कळवावे, कचेरीने नाव आधीच कोणी घेतले नाही ना हे तपासून ते यादीत चढवावे, आणि जाळ्यावरील प्रत्येक ठिकाणच्या व्यवस्थापकाने वेळोवेळी त्या यादीची ताजी नक्कल आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावी, अशी ही वहिवाट होती. ज्याची नक्कल शिळी त्याचे टपाल चुके. एका कचेरीने, काही थोड्या माणसांनी, कसलाही कायद्याचा आधार नसताना एका वाढत्या जाळ्याची नामव्यवस्था दशकभर निभावून नेली ही गोष्ट लहान नव्हे, आणि पुढे आलेल्या पद्धतीचे गोडवे गाताना या कचेरीचे नाव बहुधा घेतले जात नाही म्हणून ते येथे मुद्दाम घेतले आहे.

परंतु या व्यवस्थेची मर्यादा तिच्या पायातच होती. यंत्रे वाढली म्हणजे यादी लांबे आणि तीच यादी उतरवून घेणाऱ्यांची संख्याही वाढे, त्यामुळे कामाचा बोजा यंत्रांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात चढू लागला. शिवाय नावे एकाच सपाट यादीत असल्यामुळे एक नाव एकदाच देता येई. कोण्या एका विद्यापीठाने आपल्या यंत्रास पुराणातल्या एखाद्या देवतेचे नाव दिले की साऱ्या जगास ते नाव वर्ज्य. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने जुनी संदेशपद्धती टाकून टीसीपी-आयपी ही नवी पद्धती स्वीकारली आणि निरनिराळी जाळी एकमेकांस जोडण्याची वाट मोकळी झाली, तेव्हा मेन्लो पार्कच्या यादीचे दिवस भरले हे सर्वांनाच कळून चुकले.

अर्पानेटच्या बाहेरची परिस्थिती तर याहून विलक्षण होती. बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स या प्रणालीबरोबर ‘यूयूसीपी’ नावाची एक सोय येत असे, तिच्या योगाने कोणतेही यंत्र साध्या टेलिफोनवरून दुसऱ्या यंत्रास हाक मारून फायली देई-घेई. रात्री टेलिफोनचे दर उतरत, म्हणून हे कारभार बहुधा रात्रीच चालत. या जाळ्यास मध्यवर्ती यादी नव्हती, कचेरी नव्हती आणि मालकही नव्हता. पत्र पाठविणाऱ्यानेच पत्त्यात संपूर्ण मार्ग लिहावयाचा: प्रथम या यंत्राकडे, तेथून त्या यंत्राकडे, तेथून तिसऱ्याकडे, आणि शेवटी अमुक गृहस्थास, प्रत्येक टप्प्यामध्ये एकेक उद्गारचिन्ह. इलिनॉय राज्यातील बेल प्रयोगशाळेचे ‘आयएचएनपी४’ किंवा व्हर्जिनियातील भूकंपशास्त्र केंद्राचे ‘सीस्मो’ ही यंत्रे इतक्या लोकांच्या मार्गात येत की आपला पत्ता सांगताना लोक ‘सीस्मोपासून पुढे’ एवढेच लिहीत. सीस्मोपर्यंत कसे यावे हे ज्याचे त्याने पाहावे. मधल्या एखाद्या यंत्राच्या मालकाने ते बंद केले, किंवा त्याची नोकरी सुटली, तर पत्र वाटेतच नाहीसे होई, आणि पुष्कळदा त्याचा बोभाटाही होत नसे. स्टीव्ह बेलोव्हिन आणि पीटर हनीमन यांनी ‘पाथएलियस’ नावाचा एक प्रोग्राम रचून, स्वयंसेवकांनी जमविलेल्या नकाशांवरून जवळचा मार्ग यंत्राकडूनच काढून घेण्याची तजवीज केली. तरीही मार्ग ठरविण्याचे ओझे पाठविणाऱ्याच्याच शिरावर राहिले. ज्यास पत्र यावयाचे त्याने आपले घर बदलले तर त्याने ते साऱ्या जगास कळवावे आणि साऱ्या जगाने आपापले नकाशे दुरुस्त करावेत, याखेरीज त्या पद्धतीत दुसरा इलाजच नव्हता.

१९८२ च्या जानेवारीत या विषयात लक्ष घालणारी मंडळी एकत्र बसली आणि पत्त्याची उजवी बाजू एका नावाची न राहता क्षेत्रांच्या उतरंडीची असावी, असे त्यांच्यात ठरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी या टपाल-नियमावलीचा मसुदा ‘आरएफसी ८२१’ या क्रमांकाने प्रसिद्ध केला. आरएफसी म्हणजे या जाळ्याची क्रमांकित टिपणे; नाव अभिप्राय मागविणाऱ्या कागदाचे आणि मान हुकुमाचा, असा त्यांचा विचित्र दर्जा आहे. नावांच्या उतरंडीविषयी आधीच अनेक सूचना पुढे आल्या होत्या, त्यांतून एक तोडगा काढण्याचे काम पोस्टेल यांनी पॉल मोकापेट्रिस या आपल्या सहकाऱ्याकडे सोपविले. मोकापेट्रिस यांनी त्यांपैकी एकही न उचलता स्वतःचीच एक रचना केली आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये ती ८८२ व ८८३ या क्रमांकांच्या टिपणांत मांडली. डोमेन नेम सिस्टीम अथवा डीएनएस ती हीच.

त्या रचनेचे मर्म अधिकाराच्या वाटणीत आहे. एकच यादी एका कचेरीने न ठेवता, मुळाशी असलेल्या दप्तराने फक्त एवढेच सांगावे की अमुक क्षेत्राचा कारभार अमुक ठिकाणी आहे. त्या ठिकाणाने पोटक्षेत्राचा कारभार कोणाकडे आहे ते सांगावे. आणि शेवटच्या नावाचा धनी जो असेल त्याने आपल्या हद्दीतील नोंदी आपणच लिहाव्यात, आपणच बदलाव्यात. विचारणाऱ्याने मिळालेले उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत आपल्याजवळ साठवून ठेवावे आणि मुदत सरली की पुन्हा विचारावे. ती मुदतही नोंद करणाऱ्यानेच ठरवावी. मेन्लो पार्कची मध्यवर्ती यादी यामुळे क्रमाक्रमाने निरुपयोगी झाली. जगातील कोणत्याही सरकारने आपल्या राज्यकारभारात अधिकाराची इतकी निःशंक वाटणी केल्याचे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

टपालाच्या बाबतीत मात्र मोकापेट्रिस यांचा पहिला प्रयत्न फसला, आणि तो का फसला हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी दोन प्रकारच्या नोंदी योजल्या होत्या: पत्र जेथे अखेर उतरावयाचे त्या यंत्राची ‘एमडी’, आणि पत्र घेऊन पुढे पाठविण्यास तयार असलेल्या यंत्राची ‘एमएफ’. पत्र पाठविणाऱ्या यंत्रास दोन्हींची गरज. परंतु मधल्या एखाद्या सर्व्हरच्या साठ्यात त्यांपैकी एकच प्रकार पडून असला तर दुसरा अस्तित्वातच नाही की नुसता साठ्यात नाही हे उमगण्यास मार्ग नसे. म्हणजे उत्तरे साठवून ठेवून मूळ दप्तरावरचा ताण हलका करावयाचा हा जो या रचनेचा मुख्य गुण, तोच टपालापुरता निकामी होत होता. कागदावर निर्दोष दिसणारी व्यवस्था चालू कारभारात कोठे अडखळेल हे तिच्या कर्त्यालाही आधी दिसत नाही.

दुसरी निकड वेगळ्या बाजूने आली. ज्या विद्यापीठांस अर्पानेटची जोडणी मिळू शकत नव्हती त्यांच्या संगणकशास्त्र विभागांसाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९८१ साली सीएसनेट नावाचे जाळे सुरू केले होते, आणि त्यातील कित्येक सभासद केवळ टेलिफोनवरून, दिवसातून ठरावीक वेळीच, जाळ्याशी जोडले जात. अशा यंत्रास कायमचा अंकात्मक पत्ता कोठून असणार? पण त्यांच्या माणसांना इतरांसारखाच सुटसुटीत पत्ता हवा होता, आणि तो मागणे रास्त होते. महाराष्ट्रातील खेडेगावाचा पत्ता लिहिणाऱ्यास ही अडचण सांगावी लागणार नाही: ‘मु.’ या अक्षरापुढे माणूस राहतो ते गाव आणि ‘पो.’ या अक्षरापुढे ज्या गावी टपालकचेरी आहे ते गाव, अशी दोन निराळी नावे आपण पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलो. फरक इतकाच की आपल्या पद्धतीत पोस्टाचे गाव पाठविणाऱ्यास ठाऊक असावे लागते. त्या मंडळींना हवे होते ते असे, की पाठविणाऱ्याने फक्त मुक्काम लिहावा आणि त्या मुक्कामाचे पोस्ट कोणते हे दप्तरातून परभारे कळावे.

हे काम क्रेग पार्ट्रिज या तरुण संशोधकाच्या हातून झाले. टॉमलिन्सन यांच्याच कंपनीत सीएसनेटचा कारभार चाले आणि पार्ट्रिज तेथे होते. जानेवारी १९८६ मध्ये मोकापेट्रिस यांनी ९७३ क्रमांकाच्या टिपणात एमडी व एमएफ या दोन्ही नोंदी रद्द करून त्यांच्या जागी ‘मेल एक्स्चेंजर’ म्हणजे एमएक्स ही एकच नोंद आणली, आणि लगोलग ९७४ क्रमांकाच्या टिपणात पार्ट्रिज यांनी तिचा वापर कसा करावयाचा याचे नियम घालून दिले. नोंदीत दोनच गोष्टी: एक अंक आणि एका यंत्राचे नाव. ज्याचा अंक लहान त्याच्याकडे आधी जावे. ते यंत्र बंद असेल तर त्याहून मोठ्या अंकाच्या यंत्राकडे. कोणीच दार उघडले नाही तर पत्र आपल्याजवळ ठेवून पुन्हा पुन्हा खटपट करावी. हल्लीच्या नियमावलीनुसार ही खटपट चार-पाच दिवस तरी चालू ठेवावी अशी अपेक्षा आहे. लहान अंकास मोठा मान, ही गोष्ट नवख्यास अजूनही चकविते.

पार्ट्रिज यांच्या टिपणात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यातील एक निषेध. समजा, मोठ्या अंकाच्या एखाद्या यंत्राने मुख्य यंत्र बंद असताना पत्र स्वीकारले. आता ते पुढे पाठविताना त्याने नोंदी पाहिल्या तर त्यांत त्याचे स्वतःचेही नाव सापडणार, आणि सावधगिरी नसेल तर ते पत्र स्वतःलाच, किंवा आपल्याहून गौण यंत्राला देणार, ते पुन्हा याला देणार, आणि हा खेळ अनंत काळ चालणार. म्हणून नियम असा, की यादीत स्वतःचे नाव दिसले तर आपल्याइतक्या आणि आपल्याहून मोठ्या अंकाची सर्व नावे खोडून टाकावीत. पत्र नेहमी मुख्य यंत्राच्याच दिशेने सरकले पाहिजे. इतक्या थोड्या शब्दांत इतका मोठा घोटाळा टाळणारा नियम क्वचितच आढळतो. त्याच टिपणात अशीही सवलत होती की ज्या नावापुढे एमएक्स नोंदच नाही, त्या नावाचे यंत्र असल्यास पत्र थेट त्याच्याकडेच न्यावे. जुन्या नावांची गैरसोय होऊ नये म्हणून दिलेली ही सवलत पुढील नियमावल्यांतून जशीच्या तशी चालत आली. तात्पुरती तरतूद कायम होते हा अनुभव आपल्या कचेऱ्यांना काही नवा नाही. तिच्यामुळे एक चमत्कारिक अडचण मात्र उभी राहिली: ज्या नावास टपाल मुळीच नको त्याने ते कसे सांगावे? याचे उत्तर २०१५ साली मिळाले. शून्य हा अंक आणि यंत्राच्या नावाच्या जागी नुसता एक बिंदू, अशी नोंद म्हणजे येथे पत्र स्वीकारले जात नाही, असे त्या वर्षी ठरले.

ही व्यवस्था जगाने काही एकाच दिवसात मान्य केली नाही. ब्रिटनच्या विद्यापीठांच्या जाळ्यात नावे उलट क्रमाने लिहिण्याची वहिवाट होती: आधी देश, मग क्षेत्र, मग विद्यापीठ, आणि शेवटी विभाग. अमेरिकी पद्धतीशी गाठ पडली तेव्हा दोन्हींमधल्या यंत्रांना नाव कोणत्या टोकाकडून वाचावयाचे याचा अंदाज करावा लागे, आणि संगणकशास्त्र विभागाचे ‘सीएस’ हे संक्षिप्त रूप पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या ‘सीएस’ या राष्ट्रीय क्षेत्राशी सारखे निघाल्याने या गोंधळात आणखी भर पडली. अखेर ब्रिटनने आपला क्रम सोडला.

मुंबईचा या कथेशी खरा संबंध आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ साली अर्नेट हा प्रकल्प हाती घेतला, त्यात जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था होती आणि डॉ. श्रीनिवासन रमाणी हे तिचे संचालक होते. जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून टपाल सुरू झाले ते याच यूयूसीपीच्या आधारे. पुढे परदेशी जाणाऱ्या टपालाचे दारही जुहूलाच उघडले. ८ मे १९८९ रोजी ‘.इन’ हे भारताचे क्षेत्र नोंदले गेले आणि त्याचे दप्तर याच संस्थेकडे आले. सीस्मो यंत्राच्या परंपरेतून रिक ॲडम्स यांनी १९८७ साली व्हर्जिनियात काढलेली यूयूनेट ही संस्था टेलिफोनने जोडलेल्या आपल्या ग्राहकांच्या नावापुढे एमएक्स नोंदीत आपले यंत्र लावून त्यांचे टपाल सांभाळीत असे. ज्यांना इंटरनेटची अखंड जोडणी परवडण्यासारखी नव्हती अशा दूरदूरच्या ठिकाणांनाही जगाच्या बरोबरीचा पत्ता मिळाला तो या एका ओळीमुळे.

सर्वसामान्य मराठी माणसाच्या हाती ईमेल आली ती १५ ऑगस्ट १९९५ नंतर, विदेश संचार निगमाने सार्वजनिक सेवा सुरू केल्यावर. त्या आरंभीच्या काळातील मुंबईचे पत्ते ज्यांनी पाहिले असतील त्यांना ‘जीआयएएसबीएम०१.व्हीएसएनएल.नेट.इन’ ही लांबलचक शेपटी आठवत असेल. पुढे ‘बीओएम३’ आणि पुण्याचे ‘पीएन२’ वगैरे आले. इसमाच्या नावाबरोबर ज्या यंत्रावर त्याचे खाते त्या यंत्राचे नाव आणि क्रमांक मिरविण्याची ती रीत थेट टॉमलिन्सन यांच्या दालनातून चालत आलेली होती. त्यापूर्वीच नऊ वर्षे एमएक्स नोंदीने ती अनावश्यक केली होती, पण सोय उपलब्ध होणे निराळे आणि वहिवाट मोडणे निराळे. कित्येक लेखकांच्या आणि नियतकालिकांच्या जुन्या पत्रशीर्षांवर ते यंत्रक्रमांक अजून छापलेले सापडतात.

मार्ग ठरविण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे आल्याने जे मोठे फळ मिळाले ते असे, की टपाल सांभाळणारा बदलला तरी पत्ता बदलावा लागत नाही. एखाद्या महाविद्यालयाने आपले यंत्र बंद करून टपाल गूगल अथवा मायक्रोसॉफ्टकडे सोपविले, आणि काही वर्षांनी तेथूनही काढून घेतले, तरी पत्र पाठविणाऱ्यास त्याचा मागमूसही लागत नाही. दप्तरातील दोन ओळी तेवढ्या पालटतात. या सोयीचाच परिणाम म्हणून आज असंख्य संस्थांची नावे निरनिराळी आणि एमएक्स नोंदीतील यंत्रे मात्र या दोन-चार कंपन्यांचीच, अशी स्थिती झाली आहे. अधिकाराची वाटणी व्हावी म्हणून जी व्यवस्था निर्माण झाली तिच्यातून टपालाचे असे केंद्रीकरण व्हावे हे मला रुचत नाही. पण याबद्दल व्यवस्थेस दोष देणे अन्यायाचे होईल, कारण सुटण्याचे दार तिने उघडेच ठेवले आहे. खरा धोका दुसरीकडे आहे. नाव हे वार्षिक शुल्क भरून राखावे लागते, आणि ज्याचे शुल्क थकले त्याचे नाव ठरावीक मुदतीनंतर कोणाही त्रयस्थास घेता येते. त्याने ते घेऊन आपली एमएक्स नोंद लिहिली की जुन्या धन्याच्या नावे येणारे सारे टपाल, त्यात सभासदांची पत्रे आली आणि बँकेचे निरोपही आले, त्याच्या यंत्रावर निमूटपणे उतरू लागते, आणि पाठविणाऱ्यास काहीच कळत नाही.

म्हणून आपल्या वाचनालयांच्या, शिक्षणसंस्थांच्या आणि नियतकालिकांच्या चालकांना एकच विनंती आहे. संस्थेचा पत्ता एखाद्या कंपनीच्या नावावर न ठेवता संस्थेच्या स्वतःच्या नावावर ठेवावा. ते नाव कोणा कार्यकर्त्याच्या वा कंत्राटदाराच्या खाजगी खात्यात न नोंदविता संस्थेच्या नावेच नोंदवावे. आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख भाडेपट्ट्याच्या व विम्याच्या तारखांबरोबर कार्यवृत्ताच्या वहीत लिहून ठेवावी.